मुरवलेला मध

विजयाकाकू मधमाश्यांशी हिंदीत बोलतात. आमच्याशी मराठीत, दूधवाल्याशी माळवीत, माश्यांशी मात्र स्वच्छ हिंदीत. "हटो बेटा, हाथ के नीचे आ जाओगी." मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "त्या इथल्या. त्यांना मराठी कुठून येणार?" पोतनिसांचं घराणं अडीचशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या खजिन्यावर नेमलं गेलं आणि माळव्यातच राहिलं. काकू मात्र अजूनही स्वतःला इथल्या म्हणवत नाहीत.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी नानाखेड्याच्या घराच्या गच्चीवर पेट्या मांडल्या. मी शेजारी राहते. त्यांची मुलगी मुक्ता माझ्याहून थोडी मोठी, पण माझी मैत्री जमली ती काकूंशीच.

पोतनिसांकडे मध पेटीतून थेट बाटलीत जात नाही. तो आधी कल्हईच्या पितळी हंड्यात मुरवतात. मुरलेला मध अंगी लागतो, असं काकूंच्या सासूबाई सांगत. पाडव्याला हंडा भरायचा आणि पावसाळ्यात उघडायचा. यंदा पाडव्याच्या तोंडावर मुक्ताने गोड बातमी कळवली. काकूंनी हंडा देवास गेटच्या बाजारात नेऊन नवी कल्हई करून आणली. त्यात तोंड दिसत होतं. आषाढात मुक्ता माहेरी आली, तेव्हापासून रोज सकाळी कोमट पाण्यात एक चमचा मध. काकू समोर उभ्या राहून पाजत.

माझी मावसबहीण देवश्री इंदूरला प्रयोगशाळेत काम करते. ती ठिकठिकाणचे मध तपासत होती. मधातल्या खनिजांवरून माश्या कुठे फिरल्या आणि तिथल्या मातीत, हवेत काय आहे, हे कळतं म्हणे. मी काकूंकडून तिच्यासाठी बाटली मागितली. त्यांनी आनंदाने भरून दिली. "लिहून घे म्हणावं, पोतनिसांचा आहे."

आठवड्याने देवश्रीचा फोन आला. तिने आधी विचारलं, "हा मध कुणी खातंय का?"

मी मुक्ताचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता थांबवा. शिसं फार आहे. तिचं रक्त तपासायला पाठवा."

मी सांगायला गेले तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मेथीची जुडी हातातच राहिली.

"ऋता, तू साहित्यवाली. तुझा काही घोटाळा झाला असेल ऐकण्यात."

"देवश्रीने दोनदा तपासलंय, काकू."

मुक्ता आतून आली. पोटावर हात ठेवून दारात उभी राहिली. "आई, मी रोज खाल्लाय," एवढंच म्हणाली.

रक्त इंदूरला गेलं. अहवाल यायला वेळ लागणार होता. काकूंनी कारण शोधून काढलं होतं: बसस्टँड. नाल्यापलीकडे गाड्या दिवसभर धूर सोडतात, रस्ता रुंद करायला खणलाय, धूळ फुलांवर बसते, माश्या तीच आणतात. त्यांनी देवासच्या एका मधपाळाला फोन केला. सगळ्या पेट्या घेऊन जा म्हणाल्या. पैशांचं विचारलं तर फोन ठेवून दिला.

देवश्रीने दुसरा नमुना मागितला होता. हंड्यातला नको, पेटीतल्या पोळ्याचा तुकडा. तो मीच पोचवला.

पेट्या न्यायला गाडी आली त्या संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. मी जिन्यातच ऐकला. पोळ्यातला मध स्वच्छ होता. पोटॅशियम, मँगनीज दोन्ही नमुन्यांत जवळपास सारखं, म्हणजे मध त्याच माश्यांचा, त्याच शिवारातला. पण बाटलीतल्या मधात शिशाबरोबर कथीलही होतं, आणि तांबं, जस्त.

"धुरातून एवढं कथील येत नाही," देवश्री म्हणाली. "मध आम्लधर्मी असतो, धातू ओढून घेतो. त्यांच्याकडे कल्हईचं भांडं आहे का? स्वस्तातल्या कल्हईत शिसं मिसळतात."

वर काकूंचा आवाज येत होता. "धीरे से उठाना भैया, अंदर बच्चे हैं."

मी गच्चीवर पोचले तेव्हा पेट्यांची दारं बंद केली होती. दोन खाली गेल्या होत्या. मुक्ता खुर्चीवर बसली होती.

"काकू, पेट्या थांबवा. पोळ्यातला मध चांगला आहे."

काकूंनी तोंडावरची जाळी वर केली. त्या हसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच. "भैया, वापस लाओ. सगळ्या." मग माझ्याकडे वळल्या. "मी म्हणत नव्हते? उगाच परेशान केलं बिचाऱ्यांना."

"मग शिसं आलं कुठून?" मुक्ताने विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं.

"ऋता, सांग ना."

"मधात कथीलही आहे. तांबं आहे, जस्त आहे."

काकूंचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. त्यांनी जाळी काढली, घडी केली आणि खाली गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. देवघराशेजारी हंडा होता. त्यांनी झाकण काढून आत बोट फिरवलं. आतली चमक जागोजागी काळवंडली होती.

"तुझ्यासाठी केली होती," त्या हंड्याकडे बघत म्हणाल्या.

मुक्ता आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी काकू जिथे जिथे मध दिला होता तिथे निघाल्या. मी बरोबर गेले. प्रत्येक दारात त्या एकच बोलत. "आमच्या हंड्यातून विष आलंय. बाटली परत द्या. लहान मुलांनी खाल्लं असेल तर तपासून घ्या." कारण बसस्टँडवर ढकलता आलं असतं. लोकांनी मानलंही असतं. शेवटी राम घाटाजवळ काकूंच्या नणंदेकडे, अक्कांकडे गेलो. अक्का पंचामृतासाठी काकूंचाच मध वापरतात.

"विजया, देवाला काय होतंय? चालतो त्याला."

"तीर्थ कोण पितं, अक्का?"

अक्कांनी बाटली आणून दिली. वर म्हणाल्या, "पोतनिसांचं नाव घालवलंस हो." काकूंनी बाटली पिशवीत ठेवली.

अहवाल आला तेव्हा मी काकूंकडेच होते. मुक्ताच्या रक्तात शिसं मर्यादेपेक्षा जास्त होतं. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, मध बंद केल्यावर उतरेल. कॅल्शियम, लोह वाढवा, पुन्हा तपासू. काकूंनी फोन मुक्ताच्या हातून घेतला.

"और बच्चे को?"

"जन्म के बाद जाँचेंगे. अभी कोई नहीं बता सकता," फोनमधून डॉक्टर म्हणाल्या.

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. पाठ भिंतीला, हात मांडीवर. मुक्ता आली. तिला वाकता येत नव्हतं, ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, ऊठ. दूध वाढवायला सांगितलंय. खीर कर."

"ऋताला सांग. माझ्या हातचं नको खाऊस."

"तुझ्याच हातची हवीये."

काकूंनी मान वर केली. "कशात करू?"

मुक्ताने फळीवरची भांडी एकेक पाहिली. एक स्टीलचं पातेलं काढून आईपुढे धरलं. काकू उठल्या. ते घेऊन खिडकीपाशी गेल्या. उजेडात तिरकं करून त्यांनी ते आतून पाहिलं, मग बाहेरून, मग पुन्हा आतून.