जुन्या यंत्राच्या चाळीस ओळी

संगणकाला हात लावण्याआधी नागनाथ मठपती अख्खा प्रोग्राम कागदावर छापून घ्यायचा आणि एकेका ओळीवर पेन्सिल टेकवून पुटपुटायचा, "ही ओळ कुणासाठी हाय?" परभणीच्या आमच्या माती-तपासणी कचेरीत तो ब्याण्णव साली आला. मूळचा चारठाण्याचा, रोज जिंतूरहून एसटीने यायचा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान.

शेतकऱ्यांच्या मातीचे अहवाल डिस्कवर साठवायचा प्रोग्राम माझा होता. आमचं पहिलं यंत्र फाईल अर्धवट लिहूनच 'झालं' म्हणायचं. म्हणून मी चाळीस ओळी घातल्या: फाईल दोनदा लिहायची, थांबायचं, ताडून बघायचं. त्या ओळींमुळे कचेरीत माझा शब्द चालायचा. पुढे ते यंत्र भंगारात गेलं, नवं आलं. ओळी तशाच राहिल्या. अहवालांना इतका वेळ लागे, की वालूरहून आलेल्या माणसांची परतीची गाडी चुकायची.

"सर, हे जुन्या यंत्राचं दुखणं हाय," मठपती एकदा साहेबांसमोरच म्हणाला. "नव्याला कशापायी औषध पाजायलोत? काढू का?"

साहेब त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. तसं त्यांनी पूर्वी फक्त माझ्याकडे बघितलं होतं. "फाईली गेल्या तर जबाबदार कोण?" मी म्हणालो.

"मंग तपासून बघतो. जुन्याचे बिघाड तुमी लिहून ठिवले आसतील की?"

"ती वही हरवली," मी सांगितलं. वही माझ्या टेबलाच्या खणात होती.

त्याने कुरकुर केली नाही. तीन आठवडे तो खोटे अहवाल साठवायचा, यंत्राने 'झालं' म्हटल्याबरोबर वीज तोडायचा आणि पुन्हा सुरू करून एकेक आकडा कागदाशी ताडायचा. एकदा तरी त्याची फाईल बिघडावी, असं मला रोज वाटायचं. एकही बिघडली नाही.

शेवटी त्याने ओळी काढल्या. अहवाल झटपट निघू लागले. साहेब शाबासकी द्यायला आले, तर हा म्हणतो, "या ओळी नसत्या तर जुन्या यंत्रावर एक फाईल टिकली नसती. सरांनी लय डोकं लावलं व्हतं." त्या बोलण्याने मी आणखीच जळलो.

वर्षभराने त्याची नांदेडला बदली झाली. स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा न राहवून म्हणालो, "वही हरवली नव्हती, मठपती."

"ठाव हाय," तो पिशवी उचलत म्हणाला. "तवाच खणात दिसली व्हती. पण तुमी न्हाई म्हणलात, मंग कशी मागावी?"

गाडी हलली. त्याच्या हुशारीचा हेवा त्या दिवशी संपला. त्याच्या स्वभावाचा मात्र अजून वाटतो.