मुदखेडहून न आलेला हुंकार

आमच्या घरात कुणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हुं' म्हणायचं असतं. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. लहानपणी गोष्ट ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा, तेव्हा आई गुडघ्याला धरून हलवायची आणि म्हणायची, "हुंकार दे, न्हाईतर मी बंद करते बघ." मी झोपेतच हुं म्हणायचे आणि गोष्ट पुढे सरकायची.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत या हुंकाराला जास्त वजन असतं. त्यांच्यापुढं आपलं म्हणणं मांडायचं आणि वाट बघायची. त्यांनी हुं म्हटलं की काम झालं. नाही म्हणायचं असेल तर ते तोंडानं नाही म्हणत नाहीत, नुसते गप्प बसतात. गप्प राहणं म्हणजे संमती असं बाहेर म्हणतात, पण आमच्यात गप्प राहणं म्हणजे साफ नकार. अशा मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत. पाहुणे चहा पिऊन उठतात, कुणी कुणाला वावगा शब्द बोललेलं नसतं, आणि तरी सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.

मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.च्या नादाला लागले. इंटरनेटवरून होणारे फोन हा माझा विषय. या फोनमध्ये आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाठवतात, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट उशिरा पोचलं किंवा वाटेत हरवलं की बोलणं तुटतं. कुणी ते मधेच उघडलं तर बोलणं चोरून ऐकता येतं. कमी डेटात, न तुटता आणि तिसऱ्याच्या कानी न जाता बोलणं कसं पोचवायचं, एवढंच माझं संशोधन. आमच्या नातेवाइकांना ते काही केल्या पटत नाही. लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "फोन तर आधीपासून लागतोच की, मंग तू काय करून राहिलीस?"

आई मात्र असं कधी म्हणाली नाही, कारण तिला माझ्या संशोधनाची खरोखर गरज होती. ती रेणापूरला राहते. तिच्या घरात मोबाइलला रेंज नाही. बोलायचं तर गच्चीवर जायचं आणि ओरडून बोलायचं. मग आईच्या गुडघ्यापासून माझ्या सासरपर्यंतच्या सगळ्या बातम्या गल्लीला फुकटात मिळायच्या. मी घरात ब्रॉडबँड घेऊन दिलं आणि आमच्या प्रयोगशाळेत तयार केलेलं फोनचं अ‍ॅप तिच्या मोबाइलमध्ये टाकलं. दुसरं टाकलं ते मुदखेडला, तिच्या थोरल्या बहिणीच्या मोबाइलमध्ये. आई तिला अक्का म्हणते, मी मावशी म्हणते. या दोघी बहिणी रोज दुपारी जेवणं झाल्यावर बोलतात. मला चाचणीसाठी अशीच रोजची, खरी बोलणी हवी होती.

आईनं एकच विचारलं, "आमचं कुणी ऐकायलंय का?"

"कुणी नाही. मीसुद्धा नाही. बोलणं इथून निघतानाच कुलूप लागून निघतं, ते फक्त मावशीच्या फोनमध्ये उघडतं. मला कळणार ते एवढंच, की कुठल्या बाजूनं कधी पॅकेटं गेली."

"मंग बरं हाय," आई म्हणाली आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलू लागली. मला तिचं ते हळू बोलणंच माझ्या सगळ्या संशोधनाचं फळ वाटायचं. अजूनही वाटतं.

या अ‍ॅपमधली एक गोष्ट इथं सांगायला हवी. दोन माणसं बोलतात तेव्हा एका वेळी एकच बोलतो. जो गप्प आहे त्याच्याकडून पॅकेटं कशाला पाठवायची? म्हणून आत एक भाग असतो. माणूस बोलतोय की नुसता पंख्याचा, भांड्यांचा आवाज येतोय हे तो ठरवतो. बोलणं नसेल तर पाठवणं बंद. पण पलीकडं एकदम सामसूम झाली तर माणसाला वाटतं फोन कटला. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच एक मऊ खरखर तयार करतो आणि कानात घालत राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस आहे तिथंच, फक्त बोलत नाहीये. हा भाग मी चांगला कडक लावला होता. डेटाची बचत पाहून माझे गाईड सर खूश होते, आणि सर सहसा खूश होत नाहीत.

त्याच दिवसांत आई म्हणू लागली, "अक्का आताशा मन लावून ऐकत न्हाई." मी म्हटलं, वय झालं मावशीचं. आणि विषय सोडून दिला.

मग आईला पाळी गेल्यावर इतक्या वर्षांनी पुन्हा रक्त जायला लागलं. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की गर्भपिशवीत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका. मी तिथंच तारीख मागत होते. आई म्हणाली, "आधी अक्काला सांगते."

हे साहजिकच होतं. मावशीची पिशवी ऐन तारुण्यात काढलेली. ती गरज नसताना काढली असं घरातले सगळेच म्हणतात. त्यानंतर तिची कंबर जी धरली ती धरलीच. या बाबतीत आईला डॉक्टरपेक्षा बहिणीचा शब्द मोठा वाटला तर तिला नावं ठेवायला मी कोण? मी तारीख न घेताच नांदेडला आले.

दोन-चार दिवसांनी फोन केला तर आई म्हणाली, "न्हाई करायचं मला ऑपरेशन."

"का?"

"अक्काची मर्जी न्हाई."

"मावशी नाही म्हणाली?"

"सगळं सांगितलं तिला. जाऊ का, अक्का, म्हणून इचारलं. गप्प बसली. पुन्यांदा इचारलं. पुन्यांदा गप्प. शेवटी नुसतं म्हणली, ठेव मंग. आता तिसऱ्यांदा काय इचारू?"

मी समजावलं, रडले, ओरडले. आई ढिम्म. देवाधर्माचं काही असतं तर वाद घातला असता, पण आई विहारात जाणारी, विज्ञान मानणारी बाई. तिला गाठ कळत होती, धोका कळत होता. फक्त बहिणीच्या मनाविरुद्ध टेबलावर पडायचं नव्हतं.

मला मावशीचा असा संताप आला म्हणून सांगू. राग माझ्या नाकावरच असतो, तो डोक्यात गेला. तरी संशोधक म्हणून मी आधी कॉलेजात जाऊन त्या दुपारच्या कॉलची नोंद काढली. बोलणं कुलपात होतं, ते मला ऐकू येणार नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. पण पॅकेटं कधी गेली ते पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. रेणापूरकडून लांबच लांब पट्टा, आई बोलतेय. मग पट्टा तुटतो, आई थांबली. मुदखेडकडून काहीच नाही. पुन्हा आईचा छोटा तुकडा, पुन्हा मुदखेडकडून काहीच नाही. शेवटी मुदखेडचा एक बारका ठिपका: ठेव मंग.

आईचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. नोंद काय खोटं बोलणार? आणि दुसरं असं जाणवलं, की एक शब्दही न ऐकता मी माझ्या आईचं सगळ्यात खाजगी दुःख पडद्यावर वाचत होते. कोण किती बोललं, कोण कुठं गप्प बसलं, एवढ्यावरून माणसाचं घर कळतं. कुलूप लावलेल्या दारातूनही पायांचे आवाज ऐकू येतातच. ते मी पुढे प्रबंधात लिहिलं, त्या दिवशी मात्र पर्स उचलली आणि स्टेशन गाठलं. असली भांडणं फोनवर होत नाहीत.

मुदखेडला पोचले तेव्हा मावशीचं नुकतंच जेवण झालं होतं. मला बघून ती हरखली. मी चप्पलही न काढता विचारलं, "आईला ऑपरेशन करू नको म्हणालीस?"

मावशीनं तोंडाकडं बोट दाखवलं, उठून मोरीत गेली, थुंकून आली. "मी कशाला म्हणू? करायलाच पायजे. माझं येगळं होतं, तिचं येगळं हाय. ती गेली न्हाई लातूरला? तवापासून फोन बी न्हाई तिचा, म्हणलं दवाखान्यात असंल."

"तिनं तुला दोनदा विचारलं. तू गप्प बसलीस."

"मी? गप्प?" मावशीचा आवाज चढला. "दोन्ही बारीला हुं म्हणले की गं माय! चांगला मोठा हुं म्हणले."

"खोटं नको बोलू मावशी. माझ्याकडं नोंद आहे."

हे वाक्य मी माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईला बोलले. तिनं मला काही मारलं नाही, पण बघितलं तसंच. म्हणाली, "फोन लाव."

मी मागच्या परसात जाऊन उभी राहिले आणि आमच्याच अ‍ॅपवरून तिला फोन लावला. मधलं दार उघडंच होतं. मावशीनं रोजच्यासारखा पान-तंबाखूचा विडा तोंडात सारला, फोन कानाला लावला आणि बाजेवर बसली. मी बोलू लागले. काय बोलावं सुचेना, म्हणून कालची कॉलेजातली मीटिंगच सांगायला लागले. मावशी मान हलवत होती. ओठ गच्च मिटलेले, आणि आतून, नाकातून, खोल 'हुं' निघत होता. उघड्या दारातून तो माझ्या मोकळ्या कानाला स्पष्ट ऐकू आला. पुन्हा हुं. पुन्हा हुं. दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनमध्ये फक्त मऊ खरखर होती, मीच तयार केलेली.

मी मधेच थांबले. "मावशी, देतेस ना हुंकार?"

तिनं विडा गालात सरकवला आणि दारातून ओरडली, "देऊनच राहिले की मघापासून! तुला ऐकू येत न्हाई का?"

मी परसातल्या दगडावर बसले. मिटल्या तोंडाचा, छोटा, खालच्या पट्टीतला आवाज. माझ्या अ‍ॅपनं त्याला पंख्याच्या घरघरीत जमा केलं होतं. फोन कटला असता तर आई हॅलो हॅलो तरी म्हणाली असती, पुन्हा लावला असता. पण खरखर ऐकून तिला वाटत राहिलं की अक्का तिथंच आहे आणि मुद्दाम गप्प आहे. आणि बोलण्याला जोवर हुंकार आहे तोवरच ते बोलणं आहे, हे मला आईनं गुडघ्याला धरून शिकवलेलं. मी मुंबई-पुण्याच्या लोकांच्या आवाजांवर ते यंत्र तपासलं होतं. मला स्वतःच्या घरातला सगळ्यात जुना आवाज आठवला नव्हता.

मावशीला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं तंत्राचा भाग सोडून दिला आणि कामाचा तेवढा धरला. "म्हंजी ती इतके दिस घरात बसून राहिली? माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळं नाही."

"ते असू दे. तू फोन लावू नको आता. मी लुगडं बदलते."

मी म्हटलं, साध्या फोनवरून सांगू, आई गच्चीवर जाईल. मावशी म्हणाली, "गच्चीवरून गल्लीला सांगायचं हाय का?" आणि कंबर दुखत असताना ती माझ्याबरोबर आधी नांदेड, मग लातूर, मग रेणापूर अशी गाड्या बदलत आली. आईनं दार उघडलं. मावशी आत गेली, पाणी प्यायली आणि आईच्या पिशवीत कपडे भरू लागली.

गाठ साधी निघाली. पण ते कळलं नंतर, रिपोर्ट आल्यावर. कॉलेजात परतून मी तो भाग सैल केला. आता अ‍ॅप हुंकार जाऊ देतं, पंख्याची घरघरही थोडी जाते. डेटा जास्त लागतो, माझे आलेख आधीइतके देखणे राहिले नाहीत. सरांनी विचारलं, बचत कमी का झाली? मी म्हटलं, सर, आधी आपण माणसांची बचत करत होतो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी मुदखेडचा सगळा प्रसंग सांगितला. सर ऐकत होते, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की तेही हुं म्हणतायत.

पण मला आठवत राहतो तो ऑपरेशनचा दिवस. लातूरच्या त्या दवाखान्यात आईला हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतलं होतं. तंबाखूला बंदी, त्यामुळं मावशीचं तोंड सकाळपासून मोकळं होतं आणि ती अखंड बोलत होती: घाबरू नको, झोप लागेल, उठशील तवा मी हाय. थिएटरच्या दाराशी आईनं तिचा पदर धरला. अगदी हळू, स्वयंपाकघरात फोनवर बोलायची तशा आवाजात विचारलं, "जाऊ का, अक्का?"

मावशीच्या तोंडात काही नव्हतं. जा म्हणता आलं असतं. तिनं ओठ मिटले, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि आतून म्हणाली, "हुं."

आईनं पदर सोडला आणि वॉर्डबॉयला म्हणाली, "चला."