उठता लाथ

बाळांनो, अशी कल्पना करा की दुपारचं जेवण नुकतंच झालंय. पोट जड आहे, पंखा फिरतोय आणि वर्तमानपत्र हातातून हळूहळू निसटतंय. समोर माझी नात मनवा टीव्हीवर मारामारीचा गेम खेळते आहे.

"मी येऊ का?"

"छोटे आजोबा, तुम्हाला नाही जमत. मोठ्या आजोबांना जमायचं."

मोठे आजोबा म्हणजे माझा दादा. त्याला जाऊन सहा महिने झाले. चाळीस वर्षं मराठी शिकवली मी, पण नात मात्र त्याची शिष्या. मराठीच्या वहीत तिनं त्यानं सांगितलेला अर्थ लिहिलाय, 'उठता लाथ बसता बुक्की: पडलेला गडी उठता क्षणी त्याला लाथ बसली पाहिजे.' खरा अर्थ ऊठसूट मार देणे. मी तीनदा सांगितलं, तिनं खोडलं नाही.

वर्तमानपत्र पडतं. मी शाळेच्या बाकावर आहे. शेजारी दादा, बनियनवर, दोघांच्याही हातात रिमोट. गेम फळ्यावर चालू आहे.

"तू पोरीला चुकीचं शिकवलंस," मी म्हणतो.

"मार की मग, मास्तर."

मी त्याच्या गड्याला पाडतो, लगेच बटण दाबतो. लाथ अंगावरून जाते. पुन्हा पाडतो, थांबतो. गडी उठतो आणि मलाच आपटतो.

"आधी घाई, मग उशीर," दादा म्हणतो. "लाथेला पोचायला वेळ लागतो. गडी पडलेला असतानाच बटण दाब, म्हणजे तो उभा राहताना लाथ तिथं असेल."

"मनवाला किती वेळा सांगितलंस?"

"एकदाच."

हे मला झोंबतं.

आता आम्ही दादाच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आहोत. घोट्यापर्यंत पाणी आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी गड्याला पाडतो. एक, दोन. बटण दाबतो. लाथ नेमकी वेळेवर पोचते, पण गडी उठतच नाही.

"ऊठ की, दादा."

"मी कुठला उठतोय आता?"

"मग मी तुला हरवू कसा?"

"मला कशाला हरवतोस, वेड्या? जी उठते तिच्याशी खेळ."

मी जागा होतो. उजव्या अंगठ्यावर बटणाचा गोल, लाल वळ आहे. रिमोट तर मनवाच्या हातात.

ती वळ निरखून बघते. "हे कशानं झालं?"

"दादा भेटला होता. शिकवत होता."

"तुम्हाला?" तिचा चेहरा उतरतो. "मला एकदाही नाही भेटले."

ती गेम बंद करते, रिमोट उशाशी घेते आणि माझ्या खुर्चीपाशी चटईवर पडून डोळे घट्ट मिटते.