मर लागलेल्या वावरातली तूर

डॉ. हीना शेख मूळची धामणगाव बढ्याची. तुरीच्या मर रोगावर संशोधन हे तिचं काम. संशोधन केंद्राच्या शेतात तिचे वाण छान तगायचे. शेतकऱ्याच्या वावरात गेले की ऐन फुलोऱ्यात उभे वाळायचे. केंद्रातली जमीन निरोगी, तिथं परीक्षाच होत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग ती सगळ्यात खराब वावर शोधत निघाली आणि उंद्रीला जनकाबाईंच्या दारात पोचली.

“लोक चांगलं वावर मागतात. तुले हे कायले पायजे व?” जनकाबाईंनी विचारलं. मर लागून लागून त्यांनी तिथं तूर पेरणंच सोडलं होतं.

“मावशी, इथं जी जगीन, ती कुठंबी जगीन.”

अर्धा एकर मिळालं. हीनानं आसपासच्या वावरांतून मर लागून वाळलेली झाडं आणली, बारीक करून मुद्दाम त्याच मातीत मिसळली आणि दोनशे बारा वाण पेरले. बाई रोग पेरून राह्यली, म्हणत गाव हसलं. पहिल्या वर्षी सगळं वाळलं. दुसऱ्या वर्षीही. प्रयोग बंद करा, असं केंद्राच्या साहेबांनी सांगितलं. तिनं भांडून आणखी एक हंगाम मिळवला.

त्या डिसेंबरात जनकाबाईंचा फोन आला. “लवकर ये. एक झाड फुललं हाये.”

वाळलेल्या ओळींत ते एकटंच हिरवं होतं. हीना लगेच हरखली नाही. रोग कदाचित त्याच्या मुळाशी पोचलाच नसेल. मधमाश्यांनी दुसरा पराग आणू नये म्हणून तिनं फांद्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्या. त्यातले एकशे चाळीस दाणे पुढच्या वर्षी त्याच मातीत टोबले. एकशे छत्तीस झाडं जगली. ती पुन्हापुन्हा मोजत राहिली.

“किती खेपा मोजशीन? पळून नाही जात ते,” जनकाबाई म्हणाल्या. तेव्हा कुठं हीना बांधावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

पण दाणा बारीक होता. भरघोस पिकणाऱ्या वाणाशी संकर करून निवड करण्यात आणखी सात वर्षं गेली. अखेर वाणाला मान्यता मिळाली.

शेतकऱ्यांना उभं पीक दाखवायची शिवारफेरी त्याच वावरात ठेवली. तूर डोक्याच्या वर गेलेली. भाषणं चालू असतानाच गुलाबराव नावाचे शेतकरी उठले. “वरून हिरवी दिसते. आतून मर असंन!”

जनकाबाईंनी विळ्यानं एक झाड कापलं, खोड उभं चिरलं आणि त्यांच्या हाती दिलं. मर लागली की खोडात काळी रेघ उमटते. हे आतून पांढरंशुभ्र होतं.

गुलाबरावांनी ते दोन्ही बाजूंनी निरखलं. “माह्या दोन एकराले बी पायजे,” ते म्हणाले.

मंडपातल्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. तुरीच्या ओळींत लोकांचा गराडा पडला, आणि मधोमध उभी हीना घसा बसेस्तोवर पेरणीचं अंतर सांगत राहिली.