खिशातल्या चिठ्ठ्या

"असलं पान कोन खेळतंय ओ?" असं म्हणून हे गृहस्थ समोरच्याच्या गड्डीतली चिठ्ठी उपसायचे, तिची घडी घालायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. इतक्या निर्लज्जपणे घातलेली घडी तुम्ही पाहिली नसेल.

सुप्याच्या एमआयडीसीत आम्ही तिघे एकाच कारखान्यात. हे स्टोअरला, मी क्वालिटीला आणि तिसरा कोल्हारचा, पॅकिंगला. तिघांनाही चित्रांच्या पत्त्यांच्या खेळाचं वेड. यात जो तो आपली साठ पानांची गड्डी स्वतःच निवडून आणतो. तिला डेक म्हणायचं. पुण्यात तिघा-तिघांच्या टीमची स्पर्धा होती. तिघांतले दोघे हरले की टीम घरी. मला एकदा तरी पहिल्या आठ टीमांत बसायचं होतं, आणि दैवाने गाठ घालून दिली ती या माणसाशी.

पहिली पाळी सुटली की माझ्या खोलीवर डेकची चाचणी चालायची. पुण्याच्या पोरांकडची पानं आमच्याकडे कुठली? मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर त्यांची नावं लिहून आम्ही शत्रूचा डेक तयार करायचो. गृहस्थांचा डेक कंजुषाच्या कपाटासारखा. चांगली पानं शेवटपर्यंत हातात दाबून ठेवायची. त्यामुळे हातातलं सगळं टाकायला लावणारं एक पान निघालं की यांचा कारभार आटोपायचा. पहिल्याच दिवशी ते निघालं, आणि लगेच खिशात गेलं.

"अहो, पुण्यात ते प्रत्येकाकडे असतं," मी म्हणालो.

"तुमी लई भिता, साहेब. ह्यो डेक पडत न्हाई."

चिठ्ठ्या काढून घेतल्यावर पडेल कसा? सलग बारा डाव जिंकून गृहस्थ कॅन्टीनभर छाती काढून फिरले. मला कीव येत नव्हती, चीड येत होती. तरी स्पर्धेच्या रविवारी एसटी स्टँडवर सगळ्यांआधी तेच हजर, तिघांचे डबे घेऊन.

पहिल्याच फेरीत समोरच्या मुलीने तिसऱ्या चालीला तेच पान टाकलं. गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि हातातली पानं एकेक करून खाली ठेवली. मीही हरलो, पण माझ्या चुकीने. आम्ही बाहेर.

"नशीब," परतताना ते म्हणाले. "पुढच्या टायमाला बगू."

"नशीब कसलं? खिसा तपासा," मी म्हणालो. त्यांनी तिघांचे रिकामे डबे पिशवीत नीट रचून ठेवले.

दिवाळीनंतर ते नोकरी सोडून सोनईला भावाच्या खताच्या दुकानात गेले. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

आता आम्ही दोघे अगदी चोख चाचणी करतो. एकही पान वगळत नाही. प्रत्येक डेक कुठल्या ना कुठल्या पानापुढे पडतोच. मग तो मोडतो, दुसरा जुळवतो, तोही पडतो. एव्हाना पुण्यात आणखी तीन स्पर्धा होऊन गेल्या, त्यांतल्या दोन तर एकेकट्याने खेळायच्या. आम्ही कुठेच नाव दिलं नाही.