तीनदा पाहिलेलं शून्य

आमच्या ऑफिसात समुद्रतळाच्या गाळातून मोहरीहून बारीक शिंपले वेचणारा एक माणूस होता. अकोल्याचा, राहायला दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. ब्रशचं टोक जिभेवर ओलं करायचा. मी ओरडले की म्हणायचा, "मॅडम, कोट्यवधी वर्षांचा गाळ आहे. बिल्कुल शुद्ध."

तो गाळ साचला त्या काळी समुद्राखालचा मिथेनचा बर्फ वितळला, वायू सुटला, पृथ्वी तापली आणि तळाचे कितीतरी जीव नामशेष झाले, असा आमच्या शास्त्रज्ञांचा कयास. त्यांची भिस्त याच्या तक्त्यांवर. एखाद्या जातीचे शिंपले खालच्या थरात भरपूर, वरच्या थरात शून्य, म्हणजे ती जात संपली. हे शून्य लिहिण्याआधी तो तोच गाळ तीनदा तपासायचा.

मार्चमध्ये तो माझ्याकडे अर्ज घेऊन आला. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला.

"काचबिंदू आहे, मॅडम. मी शून्य लिहिलेल्या गाळाच्या डबीत काल आपल्या एका शास्त्रज्ञबाईंना एक शिंपला सापडला. माझे या वर्षीचे तक्ते धरू नका."

"अहो, हा अर्ज पुढे गेला तर तुम्हाला या कामावरून काढतील. रिटायरमेंटला एकच वर्ष राहिलंय. गप्प बसा."

"मला दिसत नाहीत म्हणून ते जीव संपले म्हणायचं?"

मी अर्ज पुढे पाठवला. त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तक्ते रद्द झाले. त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही आणि त्या वर्षाच्या डब्या पुन्हा कोणी उघडलेल्या नाहीत.