राळेने बुजवलेला गिअरबॉक्स

आमच्या जुन्या लॉरीच्या गिअरबॉक्सच्या जोडातून तेल गळायचं. नवं पॅकिंग मुंबईहून बोटीने यायला महिना लागे, आणि लॉरीतून बाजारात न्यायचा आंबा काही थांबत नाही. बाबांनी होड्यांच्या फटी बुजवणाऱ्या सुताराला बोलावलं. त्याने जोडात कापूस ठासून वर राळ लावली. मी भडकलो, "अहो बाबा, लाकूड पाण्यात फुगतं म्हणून फट मिटते. लोखंड काय फुगणार, कपाळ?"

"त्याची होडी कधी गळलेली नाही. तू गप्प बस."

पहिल्याच चढावर गिअरबॉक्स तापला, राळ वितळली, तेल सगळं रस्त्यावर. गिअर अडकले ते कायमचे. बैल जुंपून लॉरी घरी ओढत आणली.

सकाळी बघतो तर बाबा लॉरीखाली आडवे होऊन त्या जोडावर तांब्याने पाणी ओतत होते. मी विहिरीवरून आणखी एक घागर भरून आणून दिली.